तमिमुंतचं खोगीर

शनिवारच्या बाजाराला खालून जो ट्रक येतो, त्यातून या वेळी कांदे, साखर, गॅसच्या टाक्या आणि इत्तोच्या नावाचं एक खोकं आलं. खोक्यावर शहरातल्या अपंग मुलांच्या केंद्राचा शिक्का होता. इत्तोने ते उचलून पाहिलं. फार हलकं लागत होतं.

ती तशीच इमिंतला गावाच्या चढाला लागली. दीड तासाची वाट. गेली चार वर्षं ती ही वाट तुडवत होती. केंद्राने तिला सहा आठवडे शिकवलं होतं, एक निळा कोट दिला होता आणि डोंगरातली नऊ गावं सोपवली होती. ज्या घरातलं मूल बसत नाही, बोलत नाही, हात वाकडा धरतं, त्या घरात जायचं, आईला व्यायाम शिकवायचे आणि तक्त्यात खुणा करायच्या. छत्तीस वर्षांची, नवऱ्याने सोडलेली, भावाच्या घरी राहणारी बाई. लोक तिला आधी हसले, मग तिची वाट पाहायला लागले, आणि मुलं चालेनात म्हणून अलीकडे पुन्हा हसायला लागले होते.

हद्दा अंगणात लोकर पिंजत बसली होती. शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली तिची मुलगी तमिमुंत. पोरगी आठ वर्षांची. जन्मताना श्वास अडकला, तेव्हापासून पाय लाकडासारखे ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. हात बरे होते. जीभ तर अख्ख्या गावात सगळ्यांत बरी.

इत्तोने खोकं उघडलं. आत पाय सरळ धरून ठेवणारे पांढऱ्या प्लास्टिकचे दोन स्प्लिंट, पावलापासून पोटरीपर्यंत येणारे, त्यांवर निळे पट्टे. मागच्या हिवाळ्यात माप घेतलं होतं. तिने तमिमुंतचं पाऊल धरलं, हळूहळू सैल केलं आणि आत सरकवायला गेली. टाच अर्ध्यावरच अडकली.

"हे कुणाचे?" तमिमुंतने विचारलं.

"तुझेच गं. माप घेतलं तेव्हाचे."

"म्हणजे सात वर्षांच्या तमिमुंतचे. मग तिला नेऊन दे."

इत्तोला हसू येईना. हे दुसऱ्यांदा होत होतं. पहिली जोडी आली तेव्हाही पोरीचा पाय पुढे निघून गेला होता. माप घ्यायचं, सात महिने वाट पाहायची, तोवर पोर वाढणार. पोरीने वाढू नये असं केंद्राचं म्हणणं होतं की काय, कोण जाणे!

"मी पुन्हा जाते शहरात," ती म्हणाली. "तोवर व्यायाम सोडू नकोस हद्दा. सकाळ-संध्याकाळ."

हद्दाने पिंजण खाली ठेवली. "आजपासून मी तिचे पाय ताणणार नाही."

"असं कसं म्हणतेस?"

"दोन वर्षं ताणतेय. दिवसातून दोनदा. ती रडते, मी ताणते. शेजारीण म्हणते, पोरीला छळतेस. आता मी नुसती जवळ गेले तरी हिचं अंग आवळतं. आई कुठली, खाटीक वाटते मी हिला. आणि झालं काय? दाखव, काय झालं?"

इत्तोने निळ्या कोटाच्या खिशातून तक्ता काढला. तिला काहीतरी दाखवायचंच होतं. वर ठळक अक्षरात ध्येय लिहिलेलं होतं, ते तिने वाचून दाखवलं. "स्वतंत्रपणे चालणे."

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"मला विचारलं होतंस?"

इत्तोने तक्ता दुमडला. विचारलं नव्हतं. नऊ गावांतल्या सतरा मुलांच्या तक्त्यांवर तिने तेच लिहिलं होतं, कारण शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर तेच लिहून दाखवलं होतं.

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," हद्दाचा आवाज आता खाली आला. "हिला संडासला उचलून नेताना माझी कंबर धरते. अजून दोन वर्षांनी मला ही उचलणार नाही. मग काय करायचं, ते सांग. चालायचं राहू दे."

"आणि मला विचारलंच नाही कुणी," तमिमुंत म्हणाली.

"सांग बाई, तुला काय हवंय?"

"शाळेत जायचंय. शेजारची इज्जा म्हणते, तिथे भिंतीवर आता नकाशा आहे आणि त्यात आपलं गाव नाही. मला बघायचंय, कुठे नाही ते."

शाळा ओढ्यापलीकडे, वीस मिनिटांच्या उतारावर. पहिल्या वर्षी हद्दाने तिला पाठीवर बांधून आठवडाभर नेलं होतं. मग कंबर गेली आणि शाळाही.

*

मंगळवारी इत्तो शहरात गेली. तिथलं काम तौफीक नावाचा गृहस्थ पाहत असे; मानाने सगळे त्याला सी तौफीक म्हणत, जसं तिला लल्ला इत्तो. माणूस वाईट नव्हता. सव्वीस गावं, एक गाडी आणि कायम दुखणारं डोकं एवढ्यावर तो संसार हाकत होता.

"स्प्लिंट बनवणारे सी मेक्की एक आड एक बुधवारी येतात," त्याने सांगितलं. "आणि प्लास्टिकचे पत्रे संपलेत. मागणी पाठवलीय."

"कधी?"

"वसंतात."

"सी तौफीक, पाय वाढतो हो पोरीचा! आणि तिच्या कमरेचा एक्स-रे काढा म्हणून मी दोनदा लिहिलंय. डावा पाय आखूड दिसतो."

"पाहतो. खुर्ची हवी असेल तर यादीत नाव घालतो. चाकांची खुर्ची लवकर मिळते."

"खुर्चीला रस्ता लागतो. आमच्याकडे पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे."

"रस्ता आमच्या खात्यात येत नाही, लल्ला इत्तो."

परतीच्या टॅक्सीत ती सात जणांत चेपून बसली होती. घाटात एक गाढव वाट अडवून उभं राहिलं. पाठीवर सरपणाचे दोन भारे आणि मध्ये एक म्हातारी, निवांत, पाय दोन्हीकडे सोडून. चालकाने भोंगा वाजवून शिव्या घातल्या. इत्तो मात्र ते गाढव वळणाआड जाईपर्यंत मान वळवून पाहत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिने दा इद्दरला गाठलं. बाजाराच्या गावात खोगिरं शिवणारा म्हातारा, तोंडाने फटकळ.

"मी ओझ्यासाठी खोगीर करतो पोरी. माणसांसाठी नाही."

"ही पोरगी तिच्या आईला ओझंच झालीय. करा."

म्हाताऱ्याने सुई ओवून घेतली. मग म्हणाला, "माप घेऊन ये. आणि तिलाही घेऊन ये. माप काय एकटं येऊन बसणार आहे?"

पण आधी बापाची समजूत काढायची होती. बास्सू अक्रोडाच्या झाडावर काठी घेऊन चढला होता. इत्तोला त्याच्याशी खालून ओरडूनच बोलावं लागलं.

"गाव हसेल!" वरून आवाज आला. "माझी मुलगी काय कांद्याच्या पोत्यासारखी गाढवावर जाणार?"

"कांदे तरी बाजारात पोचतात, बाबा," झाडाखाली बसून अक्रोड वेचणारी तमिमुंत म्हणाली.

वर काठी थांबली. मग बास्सू खाली उतरला आणि गाढव सोडायला गेला.

पहिलं खोगीर इतकं रुंद झालं की मांड्या फाकवताना तमिमुंतने टाहो फोडला. दुसऱ्याची पाठ सपाट जमिनीवर नीट राहिली आणि उतार लागताच पोरीसकट मागे कलली. बास्सूने झेलली म्हणून निभावलं. त्या दिवशी हद्दाने इत्तोला चहासुद्धा विचारला नाही. तिसऱ्या वेळी दा इद्दरने अक्रोडाच्या लाकडाची उंच पाठ लावली, छातीशी रुंद पट्टा दिला, गुडघ्यांमध्ये गवत भरलेली गादी बसवली. म्हातारा स्वतः इमिंतलापर्यंत चढून आला, धापा टाकत, आणि तमिमुंत वर बसल्यावर गाढवाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बरं जमलंय. गाढव तेवढं बदला, हे शाळेत जायच्या लायकीचं दिसत नाही."

शाळेचे मास्तर, रदवान, समुद्राकाठच्या गावाहून नुकतेच आलेले. त्यांनी दारातच अडवलं. आठ वर्षांच्या मुलीला मध्येच बसवायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा, वरून परवानगी हवी.

"मास्तर," इत्तो म्हणाली, "ही पोर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलीय. तेव्हा कुणी दाखला मागितला नाही."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. वर्गात अकरा मुलं, सगळी माना उंच करून गाढवाकडे बघत होती. "कागद येईपर्यंत बसू दे," ते पुटपुटले.

आत गेल्यावर तमिमुंतने आधी नकाशाच मागितला. मास्तरांनी तिला बापाच्या कडेवरून नकाशाजवळ आणवलं आणि डोंगरांच्या तपकिरी रंगावर बोट ठेवलं. "इथे नाही."

तिने नाक लावून पाहिलं. "इथे तर दुसरंही कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालेलं दिसलं.

पाच आठवडे ती गेली. सकाळी बास्सू नेई, दुपारी इज्जा आणि बाकीच्या मुली गाढवाला हाकत आणत. ती स्वतःचं नाव लिहायला शिकली, मग इज्जाचं, मग पुस्तकातली पहिली ओळ वाचायला लागली. हद्दा एक दिवस इत्तोच्या कानाशी लागून म्हणाली, "एक गंमत सांगू? गाढवावरून आली की पाय सैल असतात. पायजमा चढवताना ओढाताण होत नाही." इत्तोने हे वहीत लिहून घेतलं. तक्त्यात लिहायला जागा नव्हती.

*

मग पाहुणे आले. सी तौफीक, त्याच्यासोबत केंद्राला मदत देणाऱ्या संस्थेचे दोघे जण, आणि चार माणसांच्या खांद्यावर चाकांची नवी खुर्ची. नेमके शाळा सुटायच्या वेळी ते ओढ्यापाशी पोचले आणि समोरून तमिमुंत आली. बर्फगार वारा, गाढवावर सरळ बसलेली पोर, आजूबाजूला गाणाऱ्या मुली.

सी तौफीकचा चेहरा पांढरा पडला. "हे कुणी मान्य केलं?"

"तिने," इत्तो म्हणाली.

"थट्टा करू नका. पडली तर जाब कुणी द्यायचा?"

"ती घरात पडून होती तेव्हा कोण देत होतं?"

पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून त्याने सगळ्यांना हद्दाच्या घराकडे वळवलं. अंगणात खुर्ची मांडली. अंगण दगडी, त्यामुळे पुढचं एक चाक हवेतच राहिलं. तमिमुंतला बसवून फोटो काढले. पाहुणे जाताच बास्सूने खुर्ची घडी घालून आत नेली आणि तिच्यावर चांगलं कांबळं टाकलं, मानाच्या वस्तूवर टाकतात तसं.

दहा दिवसांनी कागद आला. तपासणी न झालेलं साधन वापरू नये. तज्ज्ञ डॉक्टरांनी पाहीपर्यंत वापर थांबवावा. एक प्रत शाळेला. डॉक्टरांची तारीख चार महिन्यांनंतरची.

मास्तर रदवान स्वतः सांगायला आले. बिचाऱ्यांना मान वर करवेना. "माझी नोकरी नवी आहे," ते म्हणाले.

तमिमुंत रडली नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं. इत्तो तिच्याशेजारी बसली, तरी ती वळली नाही. इत्तोला वाटलं, तो कागद, तो निळा कोट, सगळं चुलीत घालावं. फोनला रेंज मिळावी म्हणून ती घराच्या छपरावर चढली आणि तौफीकला वाट्टेल ते बोलली. तोही ओरडला. "मी नियम केले नाहीत! उद्या काही झालं तर सगळं केंद्र बंद करतील, मग तुमच्या सतरा मुलांचं काय?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिच्या अंगाची लाही झाली. समोरचा धडधडीत खोटा असता तर भांडायला तरी सोपं होतं.

ती चार महिने थांबली नाही. एक आड एक बुधवार मोजून तिने हद्दा, बास्सू, तमिमुंत आणि टॅक्सीच्या टपावर बांधलेलं खोगीर असा सगळा लवाजमा शहरात नेला. पहिल्या बुधवारी सी मेक्की आलेच नाहीत. मग घाटात बर्फ पडून वाट बंद. तिसऱ्या खेपेला ते भेटले. अंगभर प्लास्टरची धूळ लागलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तमिमुंतच्या पायांवरून हात फिरवला, तिला खोगिरावर बसवून पाहिलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा बसवलं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

इत्तोला वाटलं, आता बोलणी खायची.

"अशा पोरांचे पाय आत ओढले जातात आणि खुबा सुटतो," मेक्की म्हणाले. "पाय असे फाकवून बसणं चांगलं. फार चांगलं. पण माझ्या सहीला किंमत नाही. डॉक्टरांची सही हवी."

डॉक्टर त्याच दिवशी होते. पाच तास बाकावर बसल्यावर आत बोलावलं. त्यांनी आधी फाइल पाहिली, मग घड्याळ, मग मुलगी. एक्स-रे काढून आणा म्हणाले. केंद्रातलं यंत्र बंद, म्हणून इस्पितळात. तिथे नंबर दुसऱ्या दिवशीचा. सगळे हद्दाच्या चुलत बहिणीकडे एका खोलीत दाटीवाटीने राहिले.

फोटोत दिसलं ते इत्तोला कळायला डॉक्टर लागला नाही. डावा खुबा अर्धा बाहेर आला होता.

"हे दोन वर्षांपूर्वी पाहायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "कुणी पाठवलं कसं नाही?"

"मी दोनदा लिहिलं," इत्तो म्हणाली. "तारखा सांगते." तिने सांगितल्या. डॉक्टरांनी फाइल चाळली. तिथे काही नव्हतं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू खोटं तीच बोलतेय. मग हद्दा म्हणाली, "माझ्यासमोर लिहिलंय तिने. मला वाचता येत नाही, पण लिहिताना पाहिलंय."

शस्त्रक्रिया करावी लागणार होती. नाव यादीत गेलं, दीड वर्षाने नंबर. मेक्की दारात उभे होते. ते आत येऊन खोगिराबद्दल बोलले. डॉक्टर हसले. "म्हणजे मी औषधाच्या चिठ्ठीवर गाढव लिहून देऊ?"

"लिहा की," बास्सू म्हणाला. "आम्हाला दुकान शोधायला नको, घरात आहे."

बऱ्याच वादानंतर एक ओळ मिळाली. कुटुंबाच्या जबाबदारीवर वापरण्यास हरकत नाही, केंद्र जबाबदार राहणार नाही. खाली बापाची सही हवी होती. इत्तोने वाचून दाखवलं. बास्सूने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि क्षणभर कागदाकडे पाहिलं.

"हे असं लिहून घेतात जसं काय आजवर जबाबदारी दुसऱ्याच कुणाची होती," तो म्हणाला, आणि अंगठा उमटवला.

*

तमिमुंत पुन्हा शाळेत गेली तेव्हा मध्ये नऊ आठवडे गेले होते. वाटेवर बर्फ वितळून चिखल झाला होता. इत्तो गाढवाच्या बाजूने चालत होती आणि वरून हुकूम सुटत होते. हळू चाल, दगड बघ, दोरी ओढू नकोस, त्याला राग येतो.

वर्ग पुढे गेला होता. इज्जा आता अख्खं पान वाचत होती. मास्तरांनी तमिमुंतसमोर जुनं पान उघडलं. पहिली ओळ, जी ती घडाघडा वाचायची. ती बोट ठेवून बसली. एक अक्षर आलं, दुसरं आलं, तिसऱ्यावर बोट थांबलं ते थांबलंच. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तमिमुंतने पुस्तक मिटलं आणि डोकं बाकावर टेकवलं. मधल्या सुट्टीत मुली बोलवायला गेल्या, तर म्हणाली, "मला यायचं नाही."

इत्तो बाहेर बांधावर बसून सगळं ऐकत होती. तिला कुणाची तरी गचांडी धरायची होती. पण कुणाची? तौफीक खाली सव्वीस गावांच्या कागदांत बुडाला होता, मास्तर आत खडू शोधत होते, डॉक्टरांपुढे बाक भरलेला असणार. सगळे आपापलं काम करत होते, आणि तरी पोरीचे नऊ आठवडे गेले होते, कुणीच न नेता. तिने मूठभर चिखल उचलला आणि जोराने ओढ्यात फेकला. त्याने काही झालं नाही. गाढवाने फक्त कान हलवले.

सुट्टी संपली. आतून पुन्हा तमिमुंतचा आवाज यायला लागला, चिडलेला, अडखळणारा. एक अक्षर, दुसरं, मग तिसऱ्यावर मास्तरांची मदत. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळणं. चौथ्या की पाचव्या वेळी खिडकीतून हाक आली.

"लल्ला इत्तो!"

"काय गं?"

"तू जा बघू. तू तिथे बसलीस की वाटतं, आता पाय ताणायला येणार."

इत्तोला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. "जाते बाई," ती म्हणाली.

पलीकडच्या गावात चार महिन्यांचं एक बाळ होतं, मान न धरणारं. त्याच्या आईने परवापासून दोनदा निरोप धाडला होता. इत्तोने चिखलाचे हात कोटाला पुसले आणि ओढ्याच्या काठाकाठाने वर चालायला लागली.